डस्ट माइटची ॲलर्जी: घर नंतर झाडा, आधी पोराची गादी बघा

सकाळी डोळे नीट उघडायच्या आधीच शिंका सुरू, एकामागून एक सात-आठ, मग नाक चोळणं, डोळे चोळणं, आणि अर्ध्या-पाऊण तासाने पोरगं एकदम ठणठणीत, जणू काही झालंच नव्हतं. ताप नाही, अंग दुखत नाही, उड्या मारतंय. रात्री गादीवर पडलं की परत नाक बंद, तोंड उघडं टाकून झोपायचं, मध्येच खोकला. आमच्याकडे हे वर्षभर चाललं होतं आणि आम्ही दर वेळी "परत सर्दी झाली वाटतं" म्हणून सोडून देत होतो. साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत जाते हो. जी जातच नाही आणि जिची सकाळ-रात्रीची वेळ ठरलेली आहे, ती सर्दी नसायचीच शक्यता जास्त.

पुढचं सगळं लिहायच्या आधी आमची मोठी चूक सांगून टाकते. ॲलर्जी आहे कळल्यावर आम्ही अख्खं घर साफ करत बसलो, पडदे काय, पंखे काय, कपाटावरचं, सोफ्याखालचं, कंबर मोडेस्तोवर. आणि ज्या गादीवर पोरगं रोज नऊ-दहा तास नाक खुपसून झोपतं ती गादी तशीच! तर हे लिहिण्याचं कारण तेच. तुमची ताकद, पैसे, वेळ सगळं आधी त्या एका बिछान्यावर लावा, घर मागून बघू.

आता हे डस्ट माइट म्हणजे काय ते थोडक्यात, कारण हे कळलं की कुठला उपाय कामाचा आणि कुठला नुसता देखावा हे तुमचं तुम्हालाच ओळखता येतं. हा आठ पायांचा जीव, कोळी आणि गोचीड यांच्या नात्यातला, मिलिमीटरच्या पाव भागाएवढा, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. चावत नाही, रक्त पीत नाही, त्यामुळे अंगावर चावल्याच्या खुणा असतील तर ते ढेकूण किंवा डास, ह्या बिचाऱ्याचा दोष नाही. खातो काय तर आपल्या अंगावरून रोज गळणारी कातडीची बारीक पापुद्रं. त्याचं शास्त्रीय नाव डर्मॅटोफॅगॉइडिस, त्याचा अर्थच मुळी कातडी खाणारा असा होतो. घरातल्या धुळीने दमा होतो हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं, पण धुळीतलं नेमकं काय ते नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी १९६०च्या दशकात दाखवून दिलं, की बाबांनो धूळ नाही, धुळीतला हा किडा. त्यातही ॲलर्जी येते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेने. एक माइट दिवसाला वीसेक बारीक गोळ्या टाकतो आणि त्या गोळ्यांत जे प्रोटीन असतं, ज्याला डेर पी १ म्हणतात, ते एक पाचक एन्झाइम आहे, म्हणजे नाकाच्या आणि श्वासनळीच्या आतल्या अस्तराला ते स्वतःच पोखरतं आणि मग शरीर त्याच्यावर तुटून पडतं. वाचून किळस येते, मलाही आली होती, पण हे माइट जवळजवळ प्रत्येक घरात असतात, तुमचं घर घाणेरडं आहे असा अजिबात अर्थ नाही आणि कुणी नातेवाईक तसं सुचवत असेल तर खुशाल दुर्लक्ष करा.

आणि आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. माइट मेला तरी त्याची ती विष्ठा आणि अंगाचे तुकडे गादीत तसेच राहतात आणि ॲलर्जी देतच राहतात, महिनोन् महिने. म्हणजे कामं तीन आहेत: माइट मारायचा, झालेली घाण काढायची, आणि जी काढता येत नाही ती पोराच्या नाकापर्यंत जाऊ द्यायची नाही. मारणं, काढणं, अडवणं. कुणीही कुठलाही उपाय सांगितला, कुठलंही मशीन दाखवलं, की मनात हाच प्रश्न विचारायचा, हे ह्या तिघांतलं काय करतंय? अर्ध्या वस्तू तिथेच बाद होतात.

पण आधी खात्री करा की माइटच आहे. लक्षणांवरून अंदाज येतो, म्हणजे वर्षभर त्रास, झोपेतून उठल्यावर आणि गादी झटकताना जास्त, नाकाला खाज, तळहाताने नाक खालून वर घासायची सवय (डॉक्टर त्याला गमतीने ॲलर्जिक सॅल्यूट म्हणतात, फार दिवस असं घासलं की नाकाच्या शेंड्याच्या वर एक आडवी रेघच उमटते), डोळ्यांखाली काळपटपणा, काही मुलांना एक्झिमा, म्हणजे कातडीवर खाजरे कोरडे चट्टे. पण अंदाजावर घर उलटंपालटं करायचं नाही. डॉक्टर स्किन प्रिक टेस्ट करतात, हातावर थेंब टाकून हलकं टोचतात, पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठते की नाही ते बघतात, फार दुखत नाही. त्याच्या आधी काही दिवस ॲलर्जीची गोळी-सिरप बंद ठेवावं लागतं नाहीतर टेस्ट खोटीच निगेटिव्ह येते, किती दिवस ते डॉक्टरांना विचारून घ्या, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि एक फेरी फुकट गेली. स्किन टेस्ट जमत नसेल तर रक्ताची तपासणी, स्पेसिफिक आयजीई नावाची, रक्तात माइटविरुद्धची ॲलर्जीची प्रथिनं किती आहेत ते त्यात मोजतात. आणि हो, टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि मुलाला त्रास काहीच नाही तर ती नुसती संवेदनशीलता आहे, आजार नाही, त्या आकड्याच्या मागे लागायचं नाही.

एक बारीकशी गोष्ट जाता जाता: लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत असेल तर ॲलर्जी-बिलर्जी विसरा, बहुतेक मणी नाहीतर रबर कोंबलंय, सरळ दाखवायला न्या.

आता गादी.

पहिलं काम अडवण्याचं, म्हणजे माइट-प्रूफ कव्हर. गादीवर पोरं झोपली की आत घाम, ऊब, कातडीची पापुद्रं सगळं मिळतं, माइटला अजून काय पाहिजे. आत खोलवर शिरलेले माइट तुम्ही धुऊ शकत नाही, व्हॅक्यूमने ओढू शकत नाही, पायांनी गच्च धरून बसतात ते. म्हणून अख्खी गादीच पॅक करायची. कव्हर सहाही बाजूंनी बंद होणारं आणि चेनवालं हवं, वरून नुसतं इलॅस्टिकने बसणारं मॅट्रेस प्रोटेक्टर ह्या कामाचं नाही, ते सू झाली तर ठीक आहे. कापड असं हवं की ज्याची छिद्रं १० मायक्रॉनपेक्षा लहान आहेत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), बरेच तज्ज्ञ ६ मायक्रॉन किंवा कमी बघा म्हणतात, कारण त्या विष्ठेच्या गोळ्या साधारण १० ते ४० मायक्रॉनच्या असतात. पॅकिंगवर "अँटी ॲलर्जी" असं मोठ्ठं लिहिलेलं असतं त्याला काही अर्थ नाही, छिद्राचा आकार लिहिलाय का ते बघा, नसेल तर विचारा, सांगता येत नसेल तर सोडा. घट्ट विणलेलं कापड घ्या, प्लॅस्टिकसारखं घेतलंत तर घाम येतो, कुरकुर आवाज होतो आणि पोरगं चार दिवसांत काढून टाकायला लावतं.

गादीला, उशीला, आणि जाड रजई असेल तर तिलाही, तिन्हीला कव्हर. एकच घालून काही होत नाही. चेनच्या टोकाला बारीक फट राहते तिथे आतून पट्टी असावी, नाहीतर चिकटपट्टी लावा. हे कव्हर दर आठवड्याला धुवायचं नसतं, ओल्या फडक्याने पुसायचं आणि काही महिन्यांनी धुवायचं, त्याच्यावर जी नेहमीची चादर घालतो ती मात्र दर आठवड्याला. आणि पोरगं तुमच्याच बिछान्यात घुसून झोपत असेल (आमचं रात्री दोनला हजर) तर तुमच्याही गादी-उशीला कव्हर लागणार, त्याला इलाज नाही.

अगदी तान्ह्या बाळाच्या बाबतीत एक सावधगिरी, कव्हर गादीवर ताणून घट्ट बसलेलं पाहिजे, आणि घरातली प्लॅस्टिकची पिशवी किंवा शीट जुगाड म्हणून कधीही वापरायची नाही, गुदमरायची भीती असते. बाळाच्या बिछान्यात उशी आणि मऊ खेळणी तर मुळात ठेवूच नयेत, ॲलर्जी असो नसो.

दोन मजली बेड असेल तर ॲलर्जीवालं मूल वरच्या मजल्यावर, कारण वरचा भाऊ कूस बदलला की त्याच्या गादीतलं सगळं खालच्याच्या तोंडावर. अर्थात मूल वर झोपण्याएवढं मोठं असेल तरच.

उशीबद्दल एक गंमत. पूर्वी सगळे सांगायचे पिसांची उशी फेका, सिंथेटिक आणा. पण मोजून बघितलं तर सिंथेटिक उश्यांमध्येच माइटची घाण जास्त सापडली, कारण पिसं बाहेर येऊ नयेत म्हणून त्या उशीचं कापड मुळातच घट्ट विणलेलं असतं. म्हणजे आत काय भरलंय ह्यापेक्षा वरचं कापड महत्त्वाचं. फेकाफेकी करू नका, कव्हर घाला. उशी अगदी जुनी, गाठी झालेली असेल तर मात्र बदला.

आता धुणं. चादर, उशीचा अभ्रा, ब्लँकेट, पांघरूण, आठवड्यातून एकदा, ६० अंश सेल्सियसला. इथे गोची अशी की मशीनवर "वॉर्म" लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा ३० किंवा ४० अंश, त्यात माइट आंघोळ करून ताजेतवाने बाहेर येतात. ६० ला ते मरतात. पण थंड पाण्यात धुतलं तर काहीच उपयोग नाही का, तर तसं नाही, ते प्रोटीन पाण्यात विरघळतं त्यामुळे साठलेली बरीचशी घाण वाहून जाते, फक्त माइट जिवंत राहतात आणि परत कामाला लागतात. म्हणजे गार पाणी काढतं पण मारत नाही, गरम पाणी दोन्ही करतं. गरम पाण्याचं मशीन नसेल तर गार पाण्यात धुवा आणि मग गरम हवेच्या ड्रायरमध्ये पूर्ण कोरडं करा किंवा कडक इस्त्री फिरवा, जमेल ते. उकळतं पाणी बादलीत ओतून भिजवायचं असेल तर पोरं त्या खोलीत नकोत, एवढ्या ॲलर्जीपायी भाजणं कुठे घेऊन बसता.

नवीन ब्लँकेट घेताना एकच बघा, हे ६० ला धुता येतं का. लेबलवर ३० लिहिलं असेल तर कितीही मऊ असो, परत ठेवा.

उन्हाचं काय? ऊन चांगलंच, कडक कोरड्या उन्हात उलटसुलट करून तीन-चार तास ठेवलं तर माइट वाळून मरतात. पण मेलेले तिथेच असतात ना! म्हणून ऊन दाखवल्यावर झटकायचं, जोरात, बाहेर, आणि ते काम पोराने करायचं नाही आणि पोराच्या खिडकीखालीही नाही. जाड गादीचं मात्र वरचंच तापतं आणि माइट आत उतरतात, त्यामुळे पातळ पांघरुणांना ऊन जास्त लागू पडतं, जाड गादीला कव्हरला पर्याय नाही.

मऊ खेळण्यांवरून आमच्याकडे महाभारत झालं. बिछान्यात अकरा प्राणी झोपायचे, मी एका दुपारी सगळे गोळा करून माळ्यावर टाकले आणि संध्याकाळी घरात जे रडणं झालं त्याने ॲलर्जीपेक्षा जास्त नाक वाहिलं. मग तह झाला: बिछान्यात एकच, तोही धुता येणारा, बाकीचे बंद झाकणाच्या डब्यात, आणि दर आठवड्याला पाळी बदलायची, कोण येणार ते पोरगं ठरवणार. धुता येत नसेल तर खेळणं पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायचं, उणे १८-२० अंशाला, निदान २४ तास, आम्ही दोन दिवस ठेवतो. "अस्वल दोन दिवस उत्तर ध्रुवावर गेलंय" म्हटलं की आनंदाने देतं. पण परत तेच, फ्रीझर नुसतं मारतो, काढत नाही, म्हणून बाहेर काढल्यावर गार पाण्यात का होईना धुवा, तेही जमत नसेल तर बाहेर नेऊन चांगलं झटका. आणि बर्फाच्या कप्प्यात चालत नाही, खरा डीप फ्रीझ होणारा भाग पाहिजे.

मुलाला हे सगळं शिक्षा वाटू नये एवढं बघा, तुझ्यामुळे एवढं धुणं काढावं लागतं वगैरे चुकूनही बोलू नका, माझ्या तोंडून एकदा गेलं आणि पोराने दोन दिवस शिंका दाबून धरल्या.

बिछाना झाला की दुसरी जी गोष्ट खरोखर फरक पाडते ती म्हणजे हवेतला दमटपणा, आणि ह्याच्याकडे कुणी बघतच नाही. माइट पाणी पीत नाही, तो हवेतूनच बाष्प ओढतो, पायाच्या मुळाशी ग्रंथी असतात त्यातून. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर हळूहळू सुकून मरतो, ७०-८० टक्के आणि २०-२५ अंश तापमान म्हणजे त्याची चैन. उंच डोंगरावरच्या कोरड्या हवेत दमेकरी मुलांना बरं वाटतं, स्वित्झर्लंडमधलं दाव्होस त्यासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे, त्यामागे हेही एक मोठं कारण, तिथल्या घरांत माइट जवळजवळ नसतातच. आपण डोंगरावर राहायला जाऊ शकत नाही पण एक छोटा आर्द्रता मोजणारा मीटर, हायग्रोमीटर, मुलाच्या खोलीत ठेवू शकतो. त्याच्याकडे आठवडाभर नुसतं बघा, आपोआप कळतं कधी वाढतंय. आमच्याकडे ओले कपडे खोलीत वाळत घातले की काटा सरसर वर, आणि आम्ही ते नेमके मुलांच्याच खोलीत वाळत घालायचो!

मग काय करायचं, ओले कपडे झोपायच्या खोलीत नाहीत. आंघोळीनंतर बाथरूमचा एक्झॉस्ट चालू आणि दार बंद, स्वयंपाक करताना झाकण आणि चिमणी-फॅन, बाहेर कोरडी हवा असेल तेव्हा खिडक्या सताड उघड्या, बाहेर दमट असेल तेव्हा बंद. भिंतीला ओल येत असेल, पाइप गळत असेल तर ती आधी दुरुस्त करा, ओलीबरोबर बुरशी येते आणि ती वेगळी ॲलर्जी देते. एसी किंवा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं मशीन) असेल तर वापरा पण दिवसभर सातत्याने, कारण रोज काही तास जरी दमट हवा मिळाली तरी माइट तग धरतात. आणि तुमच्याकडची हवाच वर्षभर दमट असेल तर ५० च्या खाली आणणं बऱ्याचदा अशक्यच असतं, मग त्या आकड्यासाठी जीव काढू नका, कव्हर आणि धुण्यावर जोर द्या.

ह्याच्या उलट एक चूक फार जण करतात. मूल खोकतंय म्हणून रात्रभर खोलीत ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओल सोडणारं मशीन. म्हणजे माइटला आयतं पाणी. माइटची ॲलर्जी असेल तर ते मशीन डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचं नाही.

सकाळी उठल्याउठल्या गादी नीटनेटकी करून जाड पांघरूण अंथरून टाकायची सवय असेल तर ती जरा ढिली करा. रात्रभरचा घाम आणि ओल आत कोंडते. पांघरूण पायाशी ओढून गादी तास-दोन तास उघडी, हवा लागू द्या. पोरांना हा नियम खूप आवडतो, बिछाना आवरायला नको म्हणून.

बाकी घर. कार्पेट असेल तर मुलाच्या खोलीतून तरी काढा, गुळगुळीत फरशी किंवा लाकूड सगळ्यात बरं, छोटं पायपुसणं धुता येण्यासारखं. जड पडद्यांऐवजी हलके, धुता येणारे. पुस्तकं, जुन्या वह्या, कपडे बंद कपाटात, बेडखाली सामान कोंबू नका. झाडू मारायचाच असेल तर आधी ओलं फडकं, कोरड्या झाडूने आणि पिसांच्या झटक्याने धूळ जागा बदलते फक्त. व्हॅक्यूम क्लीनर हेपा फिल्टरचा (अगदी बारीक धूळही अडवणारी गाळणी) असेल तर ठीक, साधा असेल तर मागच्या बाजूने बारीक धूळ परत खोलीतच फुंकतो. साफसफाईच्या वेळी मूल दुसऱ्या खोलीत, आणि झाल्यावर निदान अर्धा-एक तास आत नको.

हा अर्ध्या तासाचा हिशोब का, तर ते कण तसे जड असतात, उडवले की काही वेळ हवेत राहतात आणि मग खाली बसतात. मांजराच्या ॲलर्जीचे कण तासन् तास तरंगतात, माइटचे नाही. आणि म्हणूनच एअर प्युरिफायरकडून माइटच्या बाबतीत फार अपेक्षा ठेवू नका, जी घाण हवेत नाहीच, गादीत बसलीय, ती तो ओढणार कुठून? धूर, परागकण, मांजर यासाठी असेल तर वेगळी गोष्ट. पण "मुलाच्या ॲलर्जीसाठी प्युरिफायर घेतला" आणि गादीला कव्हर नाही, हे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

तसंच अल्ट्रासॉनिक आवाज करणारी प्लगमध्ये लावायची यंत्रं, वासाची तेलं, माइट मारायचे स्प्रे. आवाजाने काही होत नाही. उग्र वासाने ॲलर्जी असलेल्या नाकाला आणि दमेकरी छातीला उलट त्रास होतो. स्प्रे थोडेफार मारतात पण काढत नाहीत, आणि रोज रात्री पोराने त्यावर नाक ठेवून झोपायचं, मला तरी पटत नाही. झुरळ मारायचं औषध गादीवर मारणारी माणसं मी पाहिली आहेत, कृपया करू नका. हातात धरायचे यूव्ही लाइटवाले व्हॅक्यूम मिळतात, ते वरवरची धूळ ओढतात, ते काम साधा हेपा व्हॅक्यूमही करतो. आणि ती "दहा वर्षांत गादीचं वजन माइटमुळे दुप्पट होतं" वाली गोष्ट निव्वळ थाप आहे, कव्हर विकणाऱ्यांना बरी पडते एवढंच.

घरात कुणी सिगरेट ओढत असेल तर ह्या सगळ्या यादीच्या वर ते घाला. गॅलरीत जाऊन ओढतो म्हणणाऱ्याच्या कपड्यांतून पण येतं.

आता खरं सांगायचं तर एवढं करून फरक किती पडतो ह्यावर डॉक्टरांमध्येच बरेच वाद आहेत, आणि तुम्हाला कुणी "कव्हरचा काही उपयोग नसतो" म्हटलं तर ते अगदीच हवेतलं बोलत नाहीयेत. मोठ्या माणसांवर नुसतं कव्हर घालून झालेल्या मोठ्या चाचणीत (२००३) दम्यात फरक दिसला नव्हता. पण मुलांचं चित्र जरा वेगळं आहे. २००४ मध्ये अमेरिकेतल्या सात शहरांमधली दमा असलेली ९३७ मुलं घेऊन अभ्यास झाला, त्यात एकच उपाय नाही तर प्रत्येक मुलाला ज्याची ॲलर्जी त्याप्रमाणे कव्हर, व्हॅक्यूम, झुरळांचा बंदोबस्त, घरातला धूर कमी, असं सगळं मिळून केलं, तर दम्याचे दिवस कमी झाले. आणि २०१७ मध्ये इंग्लंडमध्ये माइटची ॲलर्जी आणि दमा दोन्ही असलेल्या २८४ मुलांपैकी काहींना खरी आणि काहींना दिखाऊ कव्हर दिली, वर्षभरात दम्याचा ॲटॅक येऊन हॉस्पिटल गाठायची वेळ खऱ्या कव्हरवाल्या गटात २९ टक्के मुलांवर आली आणि दुसऱ्या गटात ४१-४२ टक्के. म्हणजे जादू नाही, पण लहान मुलांत कष्ट वाया जात नाहीत. मला ह्यातून कळलेलं एवढंच, की एखादाच उपाय अर्धवट करायचा असेल तर न केलेला बरा, करायचं तर बिछान्याचं पूर्ण पॅकेज करा आणि तीन ते सहा महिने नेटाने करा, कारण साठलेली घाण कमी व्हायलाच तेवढे महिने जातात. दोन आठवड्यांत शिंका थांबल्या नाहीत म्हणून सोडून देणारे खूप असतात, आम्हीही सोडणारच होतो.

रोजच्या शिंका मोजायला कॅलेंडरवर टिकल्या लावा, सकाळी खूप शिंका लाल, थोड्या पिवळी, नाही तर हिरवी. आपल्याला वाटतं काहीच फरक नाही आणि मागचा महिना काढून बघितलं की दिसतं. डॉक्टरांनाही ते दाखवता येतं, "जास्त होतं, कमी होतं" असं मोघम बोलण्यापेक्षा बरं.

औषधांबद्दल मी डॉक्टर नाही त्यामुळे दोनच गोष्टी. एक, साफसफाई सुरू केली म्हणून इनहेलर किंवा नाकाचा स्प्रे आपल्या मनाने बंद करायचा नाही. नाकातला स्टेरॉइड स्प्रे रोज घेतला तर काही दिवसांनी काम करतो, आज घेतला उद्या विसरलो असं करून "हा चालत नाही" म्हणायचं नाही. मारताना नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या डोळ्याच्या कोपऱ्याकडे वळवायची, नाहीतर नाकातून रक्त येतं आणि सगळे घाबरतात. दोन, स्प्रे, गोळ्या, सफाई सगळं करूनही भागत नसेल तर ॲलर्जीच्या डॉक्टरांना इम्युनोथेरपीबद्दल विचारा, त्यात माइटचाच अंश हळूहळू वाढवत इंजेक्शनने किंवा जिभेखाली देतात म्हणजे शरीर त्याला सरावतं. साधारण तीन वर्षांचं काम असतं, संयम लागतो, आणि दमा आटोक्यात असल्याशिवाय सुरू करत नाहीत.

श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणं, बोलताना दम लागून वाक्य अर्धवट तुटणं, ओठ निळसर दिसणं, ह्यातलं काहीही दिसलं तर गादी-बिदी राहू दे, ताबडतोब दवाखाना गाठायचा.

आता कुठून सुरू करू म्हणाल तर पहिल्या शनिवारी फक्त तीन गोष्टी: गादीचं-उशीचं माप घेऊन कव्हर आणायचं, बिछान्यातली सगळी कापडं ६० ला धुवायची, आणि प्राण्यांशी तह करायचा. पुढच्या आठवड्यात मीटर आणि ओले कपडे. कार्पेट, पडदे, कपाटं महिन्याभराने, जसा वेळ मिळेल तसं. धुण्याचा वार एकच ठरवा, आमचा रविवार आहे, नाहीतर "परवा धुतलं होतं की" म्हणत तीन आठवडे जातात.

आणि सुट्टीत दुसऱ्याकडे राहायला जाताना मुलाची कव्हर घातलेली उशी आणि स्वतःची चादर बॅगेत टाकायची, यजमानांना आधीच सांगायचं की वर्षभर बंद असलेल्या कपाटातलं जाड पांघरूण आमच्या पोराला काढू नका. आम्ही पहिल्या वेळी लाजून बोललो नाही, आणि रात्री दोन वाजता सगळ्यांना उठवून त्यांच्या घरात इनहेलर शोधत बसलो होतो.